आग्वादचं गोडं पाणी

गोव्यातल्या आग्वाद किल्ल्याच्या वरच्या कोटात येणारी बहुतेक माणसं दीपस्तंभापुढे उभी राहून फोटो काढतात, तटावरून समुद्र पाहतात आणि परत फिरतात. आपण कशावर उभे आहोत, इकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. कोटाच्या मधोमध जो सपाट, उन्हात तापलेला चौथरा दिसतो, ते एका टाक्याचं छप्पर आहे. जांभा खोदून, आत खांब आणि कमानी उभारून केलेलं, २३,७६,००० गॅलन पाणी मावेल एवढं टाकं. आशियातल्या गोड्या पाण्याच्या मोठ्या साठ्यांमध्ये एके काळी त्याची गणना होत असे. तोफा, बुरूज, खंदक हे सगळं या टाक्याच्या राखणीसाठी आहे, असं मला इथं आल्यावर दर वेळी वाटतं.

आपल्या मनातला किल्ला डोंगरी असतो. कडा, माची, बालेकिल्ला, चोरवाट. टाकी तिथंही असतात, पण ती गडावरच्या शिबंदीची तहान भागवायला. आग्वादचं टाकं किल्ल्यातल्या माणसांपुरतं नव्हतंच. ते जहाजांसाठी होतं. लिस्बनहून मार्च-एप्रिलात निघालेलं जहाज आफ्रिकेला वळसा घालून सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला पोहोचायचं. जवळजवळ सहा महिन्यांचा प्रवास. पिंपातलं पाणी हिरवं पडलेलं, बिस्किटांत किडे, हिरड्या सुजून दात हलायला लागलेली माणसं. ताजी भाजी-फळं न मिळाल्यानं होणाऱ्या त्या रोगानं किती खलाशी वाटेतच समुद्राच्या स्वाधीन झाले त्याची गणती नाही. जे पोहोचत त्यातले पुष्कळसे थेट जुन्या गोव्याच्या रॉयल इस्पितळात जात. अशा जहाजाला मांडवीच्या तोंडाशी शिरताना पहिली कुठली गोष्ट हवी असेल? तोफ नव्हे, चर्च नव्हे, मसाला तर नव्हेच. परतीला निघणारी जहाजं डिसेंबर-जानेवारीत शिडं उभारत, आणि तीही इथूनच पिंपं भरून घेत. पुढं आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत भरवसा या पाण्याचा.

म्हणून या किल्ल्याची रचना दोन मजली आहे असं म्हणता येईल. वर टेकडीवर टाकं, तोफा आणि पुढे दीपस्तंभ. खाली पाण्याला लागून दुसरा कोट, जिथं जहाजांना सुरक्षित टेकता येई. शिकेरीच्या किनाऱ्यावर आजही लाटा ज्या गोल बुरुजावर आपटतात तो या खालच्या तटाचाच भाग. रुई लॉरेन्सु द ताव्हर हा व्हाइसरॉय १६०९ ते १६१२ गोव्यात होता. किल्ला त्याच्या कारकिर्दीत उभा राहिला आणि १६१२ साली पुरा झाला. भीती होती डचांची. डच आरमार मांडवीच्या तोंडावर येऊन ठाण मांडायचं, आणि गोव्याची नाडी दाबून धरायचं. १६३७ नंतरची काही वर्षं तर पावसाळा सरला की डच जहाजं येत, पुढचा पावसाळा लागेपर्यंत बाहेर नांगरून राहत, आत येणारं आणि बाहेर जाणारं जहाज अडवत. गोव्याच्या वैभवाला ओहोटी लागली ती काही एका लढाईनं नाही. ती या दर वर्षीच्या कोंडीनं लागली. आग्वादच्या तोफांनी डचांना नदीत शिरू दिलं नाही हे खरं. पण तोफेचा गोळा जिथवर पोहोचतो त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या जहाजाचं किल्ला काय वाकडं करणार?

नकाशा समोर घेऊन बसलं की या जागेची निवड किती विचारपूर्वक झाली ते कळतं. मांडवी आणि झुवारी या दोन नद्या जवळजवळ एकाच ठिकाणी समुद्राला मिळतात. उत्तरेला आग्वाद, दोन्ही मुखांच्या मधल्या सुळक्यावर काब, जिथं आज राज्यपालांचं निवासस्थान आहे, आणि दक्षिणेला मुरगावचा किल्ला. आत आलात की मांडवी जिथं अरुंद होते तिथं उत्तर तीरावर १५५१ साली बांधायला घेतलेला रेईश मागूश आणि समोर पणजीच्या बाजूला गाश्पार दियश. हा शेवटचा आज नावापुरताही उरलेला नाही. परका माणूस हे सगळे किल्ले एकेक करून पाहतो. खलाशी ते एकत्र पाहायचा. त्याच्यासाठी ती एकच खिंड होती.

हे मला मामांमुळे समजलं. माझं आजोळ वेरेंचं, रेईश मागूशच्या पायथ्याचं. थोरले मामा खनिज वाहणाऱ्या बार्जवर तांडेल होते. मांडवीच्या वरच्या अंगाला धक्क्यावर खनिज भरायचं, भरतीचं गणित धरून खाली यायचं, आणि मुरगावला बोटीवर रिकामं करायचं, हा त्यांचा दिनक्रम. किल्ला त्यांना ऐतिहासिक वास्तू म्हणून ठाऊकच नव्हता. त्यांच्या लेखी आग्वादचा दिवा आणि काबचं टोक या दोन खुणा होत्या, ज्यांच्यामधून बार्ज काढायची. आग्वादच्या पुढ्यात वाळूची दांडी आहे. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा त्या उथळ जागेवर लाटा उभ्या करतो आणि मांडवीचं तोंड जहाजांना बंद होतं. मग बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून मागच्या दारानं झुवारीत उतरत. मामा ते सांगायला लागले की चारशे वर्षांपूर्वीचा नाखवा आणि ते यांच्यात अंतर राहत नसे. शिडाच्या गलबतालाही हीच दांडी अडवत होती. पोर्तुगिजांनी गोव्याचा पावसाळ्यातला आसरा म्हणून मुरगावचा विचार केला तो हिच्यामुळेच. राज्यं बदलली, दांडी तिथंच आहे.

आपल्या, म्हणजे मराठ्यांच्या, इतिहासात आग्वाद येतो तो न मिळालेला किल्ला म्हणून. १६६७ साली शिवाजी महाराजांच्या फौजा बार्देशात, म्हणजे आग्वाद आहे त्या तालुक्यात, उतरल्या. १६८३ साली संभाजी महाराजांनी जुवें बेट घेतलं आणि राजधानीच्या उरात धडकी भरवली. १७३९ साली, तिकडे चिमाजी अप्पा वसईला भिडले असताना, इकडे गोव्यातल्या साष्टीत व्यंकटराव घोरपड्यांची फौज आणि बार्देशात वाडीचे सावंत. त्या वेळी बार्देशात पोर्तुगिजांच्या हाती फक्त दोन जागा उरल्या: रेईश मागूश आणि आग्वाद. बाकी सगळा तालुका गेला, आणि नदीच्या तोंडावरचे हे दोन कोट टिकले. पाण्यातून रसद येत होती म्हणून टिकले. जमिनीवरून वेढा घालणाऱ्याला समुद्र बंद करता आला नाही तर किनाऱ्यावरचा किल्ला उपाशी मरत नाही. कोकणातल्या जंजिऱ्यानं आपल्याला जे शिकवलं तेच आग्वादनंही शिकवलं. या दोन्ही ठिकाणी कमी पडलं ते शौर्य नव्हे, खोल पाण्यात तग धरणारं आरमार. आमच्याकडे मुलांना हा इतिहास सांगताना आपण तलवारीपाशी थांबतो. गुराबा आणि गलबतांपर्यंत येतच नाही.

लढून आग्वाद कुणीच घेतला नाही. नेपोलियनच्या धास्तीनं इंग्रजांच्या पलटणी गोव्यात येऊन राहिल्या आणि १८१३ पर्यंत मुक्काम ठोकून होत्या, पण त्या पाहुण्या म्हणून, मित्राच्या नात्यानं.

दीपस्तंभाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याच्या गोष्टीत एक घंटा आहे आणि ती घंटा पणजीत राहणारा प्रत्येक जण ऐकतो. जुन्या गोव्याच्या टेकडीवर संत ऑगस्टीनच्या मठाचा एक उंच, अर्धा मोडका मनोरा उभा आहे. धार्मिक संघांना पोर्तुगीज सरकारनं १८३५ साली हद्दपार केलं आणि मठ ओस पडला. त्याची प्रचंड घंटा १८४१ साली उचलून आग्वादला आणली. तीस वर्षं ती इथं समुद्राच्या वाऱ्यात राहिली, आणि १८७१ साली पणजीच्या मेरी इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या घंटाघरात गेली. त्या पांढऱ्या जिन्यांच्या चर्चमध्ये आजही तीच वाजते. मठातल्या साधूंना प्रार्थनेला बोलावणारा आवाज, मग खलाशांना किनाऱ्याची जाण देणारा आवाज, मग शहराचा आवाज. आताचा जुना दीपस्तंभ १८६४ चा. त्याचा दिवा १९७६ साली विझला आणि शेजारी नव्या मनोऱ्यानं काम हाती घेतलं.

आता खालच्या कोटाकडे. पोर्तुगिजांनी तिथं तुरुंग केला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत इथं राजकीय कैदी आले. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात भाषणबंदी मोडली. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर ते पुन्हा गोव्यात यायला निघाले, कुळें स्थानकावर पकडले गेले आणि आग्वादच्या कोठडीत आले. ‘गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक’ म्हणून ओळखले जाणारे त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्य यांनाही याच किल्ल्यात ठेवलं. लष्करी न्यायालयापुढे उभा केला गेलेला पहिला गोमंतकीय नागरिक तेच. शिक्षा आठ वर्षांची, आणि ती भोगायला रवानगी पोर्तुगालात, पेनिशच्या किल्ल्यात. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे हेही तिकडेच धाडले गेले. मोहन रानड्यांना तर लिस्बनजवळच्या काशियशमध्ये डांबलं. सांगलीहून येऊन सावई-वेऱ्यात मराठी शिकवणारा हा तरुण, गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाल्यावरही सात वर्षांहून अधिक काळ तिथल्या तुरुंगात राहिला आणि जानेवारी १९६९ मध्ये सुटला.

पेनिशचा किल्ला अटलांटिकच्या कड्यावर आहे. मी तो छायाचित्रांत पाहिला आहे, आणि पाहताना आग्वादची आठवण येणं अटळ होतं. एकाच साम्राज्यानं दोन महासागरांच्या काठी बांधलेले दोन किल्ले. दोन्ही जहाजांच्या राखणीसाठी. दोन्हींचा पुढे तुरुंग झाला, आणि एकातला कैदी दुसऱ्यात पोहोचवणारी वाट तीच, जुनी लिस्बन-गोवा समुद्रवाट. पूर्वी तिच्यावरून मिरी आणि दालचिनी जायची. पोर्तुगालनं पेनिशला प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय केलं. ते एप्रिल २०२४ मध्ये, तिथली हुकूमशाही उलथवणाऱ्या क्रांतीच्या पन्नासाव्या वर्षी, सुरू झालं. आपल्याकडे आग्वादचे कैदी २०१५ साली कोलवाळच्या नव्या तुरुंगात हलवले, जुन्या इमारतीची दुरुस्ती झाली, आणि १९ डिसेंबर २०२१ रोजी, मुक्तीला साठ वर्षं झाली त्या दिवशी, तिथल्या संग्रहालयाचं उद्घाटन झालं.

ते संग्रहालय व्हायलाच हवं होतं. कुन्य आणि लोहिया यांच्या कोठड्यांपुढे उभं राहिल्यावर कुणाही गोमंतकीयाचा ऊर भरून यावा, अशी ती जागा आहे. माझं मागणं त्याच्या विरुद्ध नाही, त्याच्या पुढचं आहे. तुरुंग हा आग्वादच्या आयुष्याचा शेवटचा अध्याय. त्याआधीची तीन शतकं हा किल्ला समुद्राचा होता, आणि त्या समुद्राची गोष्ट एका छताखाली सांगणारी जागा आपण अजून केलेली नाही. साहित्य नाही म्हणून नव्हे. साहित्य भरपूर आहे, पण विखुरलेलं आहे.

जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात जा. व्हाइसरॉयांच्या चित्रांची रांग पाहायला लोक वरच्या मजल्यावर धावतात. त्यांनी खालच्या दालनातल्या वीरगळांपुढे थोडं थांबावं. पोर्तुगिजांच्या आधी गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब घराण्याच्या काळातले हे दगड. त्यांवर नौकायुद्ध कोरलेलं आहे: वल्ही मारणाऱ्यांची ओळ, वर शस्त्रं घेतलेले सैनिक, आणि त्याच्या वरच्या पट्टीत पडलेला वीर स्वर्गाला निघालेला. बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ मुंबईकरांना माहीत असतात. त्यांचे हे गोव्यातले भाऊबंद. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी इथल्या माणसांनी समुद्रावर लढून मरण पत्करलं आणि गावानं त्यांची आठवण दगडात ठेवली.

कदंबांची गोष्ट तर एका दालनाला पुरून उरेल. त्यांची राजधानी आधी चांदरला होती, मग झुवारीच्या काठी गोपकपट्टण वसलं. आगशीजवळ नदीकाठच्या चिखलात जांभ्याच्या चिऱ्यांची लांबच लांब भिंत आहे. ती त्या बंदराची मानली जाते. भरतीला पाणी तिच्या अंगावर चढतं, ओहोटीला चिरे उघडे पडतात, आणि शेजारच्या हमरस्त्यावरून जाणाऱ्या शेकडो गाड्यांतल्या एकालाही ठाऊक नसतं की आपण एका राजधानीच्या धक्क्यावरून चाललो आहोत. जयकेशी पहिला याच्या काळातला १०५३ चा ताम्रपट मला या सगळ्यात सर्वांत जवळचा वाटतो. त्यात असं आहे की राजाचा आजा गुहल्लदेव समुद्रमार्गे सोमनाथाच्या यात्रेला निघाला, वाटेत डोलकाठी मोडली, आणि मदुमद नावाच्या अरब व्यापाऱ्यानं त्याला वाचवलं. ते उपकार घराण्यानं लक्षात ठेवले. त्याच व्यापाऱ्याच्या वंशातला सधन पुढे राज्याचा कारभारी झाला आणि बंदरात येणाऱ्या गलबतांवर कर बसवून त्यातून धर्मदाय चालवण्याची परवानगी त्याला मिळाली. सोमनाथाचा यात्रेकरू राजा, त्याला तारणारा मुसलमान नाखवा, आणि बंदराच्या करातून चालणारं अन्नदान. एवढ्या छोट्या पत्र्यावर केवढा गोवा मावला आहे!

मग समुद्राच्या तळाशी काय आहे ते पाहा. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून उभी आहे. तिच्या सागरी पुरातत्त्व विभागाचे पाणबुडे गोव्यासमोरच्या खडकांपाशी उतरले. सुंची रीफपाशी त्यांना सतराव्या शतकातल्या एका फुटलेल्या जहाजाचा माल सापडला: हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, काचेच्या बाटल्यांचे बूड, तोफा. म्हणजे आफ्रिका आणि चीन दोन्ही एकाच जहाजाच्या पोटात होते, आणि ते जहाज गोव्याच्या उंबऱ्यावर येऊन बुडालं. सेंट जॉर्ज रीफपाशी जे सापडलं ते मला याहून हलवून गेलं. छपराची कौलं. खांबांचे नक्षीदार तुकडे, विटा, आणि त्यावर बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या मंगळूरच्या कारखान्याचं नाव आणि १८६५ हे त्याच्या स्थापनेचं साल. मंगळुरी कौलं! बार्देशातल्या, तिसवाडीतल्या, अगदी सिंधुदुर्गातल्या कुठल्याही जुन्या घराच्या पाटणीवर चढून कौल उलटं केलं की असंच काहीतरी कोरलेलं सापडतं. आमच्या आजोळच्या घरावरही तीच होती. आपल्या डोक्यावरचं छप्पर समुद्रानं आणलं, आणि त्यातली एक खेप पोहोचलीच नाही, हे एखाद्या मुलाला एक कौल हातात देऊन सांगितलं तर व्यापाराचा इतिहास त्याला वेगळा शिकवावा लागणार नाही.

युद्धनौकांची गोष्टही इथलीच. १८ डिसेंबर १९६१ रोजी मुरगावच्या बंदरात ‘अफोंसु द आल्बुकेर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेला भारतीय नौदलाच्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ यांनी गाठलं. नौका पेटली, तिचा कप्तान जखमी झाला, आणि ती दोनापावलच्या बाजूला किनाऱ्यावर चढवण्यात आली. त्याच दिवशी अंजदीव बेटावर उतरताना आपले सात नौसैनिक पडले. ही नावं किती गोमंतकीयांना सांगता येतील? बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ पासून. ते उत्तम आहे, मुलांना जरूर न्यावं. सुपर कॉन्स्टेलेशन विमानाच्या पंखाखाली उभं राहिलं की माणूस लहान होतो. पण ते विमानांचं आहे, आणि असायलाही तसंच हवं.

जहाज जपणं म्हणजे काय ते पाहायचं तर पुन्हा पोर्तुगालकडेच बघावं लागतं. लिस्बनसमोर, तेजू नदीच्या पलीकडच्या काठावर ‘दों फेर्नांदु दुसरा आणि ग्लोरिया’ नावाचं शिडाचं लढाऊ जहाज उभं आहे. ते बांधलं दमणला, नगर हवेलीच्या सागाचं, १८४३ साली. मग ते गोव्याला ओढून आणलं आणि इथं त्यावर डोलकाठ्या, शिडं, दोर चढले. १८४५ च्या फेब्रुवारीत ते इथूनच लिस्बनला पहिल्यांदा निघालं. १९६३ साली त्याला आग लागली, सांगाडा चिखलात पडून राहिला, आणि नव्वदच्या दशकात त्यांनी तो उचलून पुन्हा जसाच्या तसा उभा केला. तीस वर्षं चिखलात पडलेल्या सांगाड्यातून त्यांनी जहाज परत मिळवलं. ते सुतारकाम दमणच्या, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरच्या हातांचं. गोव्यातून निघालेलं जहाज गोव्याच्या मुलांना पाहायचं तर लिस्बनची वारी करावी लागते.

आणि आग्वादच्या डोळ्यांसमोर आपण काय पाहत राहिलो? जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ नावाचं जहाज वादळात सापडून कांदोळी-शिकेरीच्या वाळूत रुतलं. २०१२ पर्यंत ते तिथंच गंजत होतं. किनारा खचला, वाळू वाहून गेली. माझ्या पिढीच्या बार्देशकरांच्या आठवणीत जहाज म्हटलं की तो लाल, पोखरलेला सांगाडा येतो. त्या बारा वर्षांचीही एक भिंत संग्रहालयात हवी, असं मी अगदी मनापासून म्हणतो. समुद्राशी आपण कसं वागलो हाही इतिहासच.

पण माझ्या मनातल्या संग्रहालयाचं सर्वांत मोठं दालन जहाजांचं नसेल, माणसांचं असेल. तारवटी. गोव्याचा असा गाव सापडणं कठीण जिथल्या एखाद्या घरातून कुणी तरी बोटीवर गेलं नाही. मुंबईत धोबीतलावाला गावागावांच्या कुडी, म्हणजे गावच्या माणसांना उतरायच्या सामायिक खोल्या, होत्या, अजूनही काही आहेत. बोट मिळेपर्यंत तिथं पेटी ठेवायची, भिंतीला टेकून झोपायचं, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचा, आणि नोकरीची चिठ्ठी आली की गोदीकडे निघायचं. इंग्रजांच्या बोटींवर आचारी, वाढपी, इंजिनाला कोळसा घालणारा, बँडमधला वादक म्हणून गोमंतकीय जगभर फिरले. त्यांच्या पगारावर घरं कौलारू झाली, मुली उजवल्या गेल्या, चर्चला आणि देवळाला देणग्या गेल्या. हे सगळं अजून पत्र्याच्या पेट्यांमध्ये पडून आहे: बोटीवरच्या नोंदीची पुस्तकं, पत्रं, बंदराबंदरांत काढलेले फोटो.

आणि खारवी, रांपणकार. शंभर माणसं दोन बाजूंनी दोर धरून जे जाळं किनाऱ्यावर ओढतात ती रांपण आता क्वचितच दिसते. सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलर आले, किनाऱ्याजवळची मासळी खरवडून जायला लागली, आणि माथानी साल्ढाणांसारख्या माणसांच्या पुढाकारानं रांपणकार रस्त्यावर उतरले. त्या लढ्यातून १९८० चा मासेमारी नियमनाचा कायदा आला. हाही स्वातंत्र्यलढाच होता, पोटाचा. आग्वादपासून हाकेच्या अंतरावर, कांदोळीच्या ओर्ड्यात, २९ जूनला संत पीटरच्या फेस्ताला खारवी बंधू होड्या एकमेकींना बांधून सांगोड करतात, पावसात त्यावर नाटकं-गाणी होतात. काठावर गर्दी करणाऱ्यांत हिंदूही असतात, आणि पुढे नारळीपौर्णिमेला दर्याला नारळ देणारे हात त्याच पाण्यात बुडतात. या गोष्टी काचेच्या कपाटात बसत नाहीत हे मला समजतं. पण रांपणीचा दोर कसा वळतात, होडीच्या फळ्या काथ्यानं कशा शिवत, दांडीवरची लाट ओळखायची कशी, हे सांगणारी माणसं अजून आहेत. ती बोलतील, आपण विचारायला गेलो तर.

मामा गेले तेव्हा त्यांच्या पेटीत भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेल्या वह्या निघाल्या. प्रत्येक पानावर तारीख, बार्ज कुठं होती, पाणी किती होतं, वारा कुठून. घरात कुणाला त्यांचं काय करावं कळेना. मी त्या मागून घेतल्या. मांडवीच्या एका माणसानं डोळ्यांनी मोजलेली मांडवी त्यात आहे, आणि सरकारी नोंदींपेक्षा त्यात एक गोष्ट जास्त आहे: कुठल्या दिवशी भीती वाटली तेही त्यांनी लिहून ठेवलं आहे.

अशा वह्या, नोंदपुस्तकं, फोटो, जुनी होकायंत्रं, जाळी विणायच्या सुया, शिसाचे गळ आग्वादच्या खालच्या कोटातल्या एका दालनात यावेत. दोनापावलच्या प्रयोगशाळेतला हस्तिदंताचा तुकडा तिथं उसना यावा, जुन्या गोव्याच्या वीरगळाची प्रतिकृती यावी, ताम्रपटाचं मराठी-कोकणी वाचन ऐकता यावं. आणि वरचं टाकं आतून पाहण्याची काहीतरी सुरक्षित सोय व्हावी, कारण गोष्ट सुरू होते ती तिथून. हे काम पुरातत्त्व खातं, विद्यापीठ आणि किनाऱ्यावरच्या पंचायती एकत्र बसले तर अवघड नाही. दोन-तीन शाळांच्या मुलांना नुसतं टेपरेकॉर्डर घेऊन वेरें, नेरूल, कांदोळी, बेती इथल्या घरांतून फिरवलं तरी पहिल्याच उन्हाळ्यात निम्मं साहित्य गोळा होईल. माळ्यावर बोटीची पेटी असलेलं घर तुमच्या ओळखीत असेल, तर तूर्तास एवढंच करा: भंगारवाला येण्याआधी ती उघडा, कागद उन्हात न ठेवता कोरड्या कापडात गुंडाळा, आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून कुठला कागद कुठल्या बोटीचा, ते पेन्सिलीनं मागे लिहून घ्या.